नऊ ए ला खिडकी नाही

वाकोल्याला आमच्या चाळीवरून विमानं इतकी खालून जायची की बोलता बोलता माणूस थांबायचा, विमान जाऊ द्यायचा आणि जिथं वाक्य तुटलं तिथून पुढे बोलायला लागायचा. पाहुण्यांना गंमत वाटायची, आम्हाला काहीच वाटायचं नाही. पण डोक्यावरून दिवसभर विमानं जात असली तरी विमानात बसलेलं आमच्यात कुणी नव्हतं. एकोणऐंशी-ऐंशीपासून मुलगे मस्कत, बहारीन, दुबईला जायला लागले, आणि तेव्हापासून भीमराज साळवेंच्या दारात माणसं यायला लागली.

भीमराजभाऊ आमच्यापासून तिसऱ्या खोलीत राहायचे. बायको शकुवहिनी, एक मुलगी मीरा, आणि वडील धोंडिराम. त्यांना अख्खी चाळ नाना म्हणायची. मूळची माणसं शेवगावकडची. नाना मुंबईत आले ते गोदीत ओझी उचलायला. मुलाला त्यांनी कुर्ल्याच्या एका सोफा बनवणाऱ्याकडे कामाला लावलं. तिथं भीमराजभाऊ फोम कापायला, कापड ताणायला, स्प्रिंग बसवायला शिकले. चौसष्ट साली विमान कंपनीत हेल्परची जागा निघाली आणि ते सांताक्रूझच्या हँगरमध्ये लागले. कंपनीचं सीट शॉप म्हणून एक वेगळं खातं होतं. विमानातून काढलेल्या सीटा तिथं यायच्या, उसवल्या जायच्या, दुरुस्त होऊन परत जायच्या. भीमराजभाऊंनी आपली सगळी नोकरी त्या एका शेडमध्ये काढली.

सीटवरून माणूस कळतो, असं ते म्हणायचे. "खिडकीच्या सीटचं कापड डोक्याशी एका बाजूलाच तेलकट होतं. माणूस भिंतीला डोकं लावून झोपतो. वाटेवरच्या सीटचा हात आधी खराब होतो, येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला धरतो. आणि मधल्या सीटचे दोन्ही हात पुढच्या टोकाशी झिजतात. का? तर दोन्ही बाजूंच्या माणसांनी मागची जागा घेतलेली असते, मधल्याला टोकच उरतं."

सीटच्या फटीतून काय काय निघायचं याची त्यांच्याकडे मोठी यादी होती. कंगवे, पेनं, कानातली, बाळाचा एक मोजा, एकदा दातांची कवळी. सापडलेली प्रत्येक वस्तू ते सही करून ऑफिसात द्यायचे. कवळीचा मालक आठ दिवसांनी येऊन घेऊन गेला म्हणे.

तर कुणाचं तिकीट आलं की तो भाऊंकडे यायचा. "भाऊ, कुठली सीट मागू?" त्या काळी सीट आधी मिळायची नाही. विमानतळावर काउंटरला गेलं की तिथली मुलगी एका पुठ्ठ्याच्या नकाशावरून आकड्याची चिकटपट्टी सोलायची आणि तुमच्या बोर्डिंग कार्डावर चिकटवायची. मागितलं नाही तर हाताला येईल ती. भाऊ आधी विमान कुठलं ते विचारायचे, मग माणसाकडे नीट बघायचे.

"सिगारेट ओढतोस?"

"नाही भाऊ."

"मग मागे बसू नकोस. मागच्या रांगा सिगारेटवाल्यांच्या. आणि त्यांच्या लगेच पुढचीही नको. पाटी लावलेली असते, पण धुराला पाटी वाचता येत नाही."

उंच दशरथला त्यांनी सांगितलं, पंखावरच्या दाराशेजारची रांग माग, पाय पसरता येतील. पण तिच्या पुढची मागू नकोस, तिची पाठ मागे जात नाही. माणसं घाईत पळाली तर वाट अडायला नको म्हणून ती मुद्दाम तशी केलेली असते. गोरेगावच्या एका माणसाला विमानाची धडकी भरली होती. त्याला त्यांनी पंखाच्या बरोबर वर बसायला सांगितलं. "बैलगाडीत चाकावर बसलं की हिसके लागतात ना, विमानात उलटं. मध्ये बसलास तर कमी हलशील. खाली फक्त पंख दिसेल, ते तुझ्यासाठी बरंच आहे."

शेजाऱ्यांनी नुसतं ऐकू नये, बसून बघावं, म्हणून त्यांनी एक गोष्ट केली होती. कंपनीने भंगारात काढलेलं तीन सीटचं एक बाकडं त्यांनी लिलावात घेतलं आणि हातगाडीवर घालून घरी आणलं. ते खोलीत मावेना, म्हणून दाराबाहेर भिंतीला लावून ठेवलं. त्याचे पट्टे शाबूत होते. चाळीतली पोरं त्यावर अभ्यास करायची, बायका भाजी निवडायच्या, आणि परदेशी जाणारा माणूस त्यावर बसून पट्टा लावायला शिकायचा.

माझ्या आईचं शिकणंही तसंच त्या बाकड्यावर झालं. त्र्याऐंशी साल. माझा थोरला भाऊ मधुकर मस्कतला होता. त्याच्या बायकोचं बाळंतपण तिकडेच करायचं ठरलं आणि त्याने आईचं तिकीट पाठवलं. आईचं नाव रत्नप्रभा. आम्ही देवगडकडचे, वडील गिरणीत होते, ते जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. आईचा डावा गुडघा जिन्यावरून पडल्यापासून वाकत नव्हता. घरी ती खुर्चीवर बसायची आणि पाय समोर सरळ काठीसारखा ठेवायची.

तिकीट हातात धरून ती भाऊंच्या दारात गेली. मी बरोबर होते.

"भीमराज, माझो पाय वाकणा नाय. मगे मी बसतलंय कशी?"

भाऊ म्हणाले, "मावशी, कुठला पाय?"

"हो डावो," आईने पायावर हात ठेवला.

भाऊंनी तिला बाकड्यावर वाटेच्या बाजूला बसवलं. एकदा ह्या टोकाला, एकदा त्या टोकाला. मग जमिनीवर खडूने विमान काढलं. मध्ये एक वाट, दोन्हीकडे तीन-तीन सीटा. "हे बघा. डावा पाय वाटेत यायला पाहिजे. म्हणजे वाट तुमच्या डाव्या हाताला पाहिजे. म्हणजे तुम्ही विमानाच्या उजव्या बाजूला बसायचं, वाटेला लागून. त्या सीटला डी म्हणतात. सी मागितलीत तर तीही वाटेवरच, पण वाट पडेल उजव्या हाताला. पाय जाईल मधल्या माणसाच्या पोटात."

"आणि सगळ्यात पुढे बसलंय तर? पुढे मोकळा आसता म्हणतत."

"पुढची जागा तान्ह्या पोरांच्या पाळण्यांना देतात. दिली तर घ्या, पण धरून बसू नका."

मग त्यांनी आईला पाय आत घ्यायला शिकवलं. वाटेतून चहाची गाडी येते, तेव्हा कुल्ल्यावर थोडं वळायचं आणि पाय सरळच्या सरळ पुढच्या सीटखाली तिरका सरकवायचा. शकुवहिनी घरातलं स्टूल ढकलत गाडी होऊन आल्या. "चाय, चाय," असं ओरडल्याही. आईने दहा वेळा पाय आत-बाहेर केला. चाळ जमली होती. आई शेवटी हसून हसून दमली.

भाऊंनी मीराकडून इंग्रजीत चिठ्ठी लिहून घेतली आणि आईच्या पासपोर्टात ठेवली. काउंटरवरच्या माणसाने ती वाचली आणि सहा डी दिली. मस्कतहून आईचं पहिलं पत्र आलं त्यात नातवाच्या आधी पायाची बातमी होती. भाऊंना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "गाडी लागली का पायाला?" एकदा लागली होती, हळू. "मग स्टूल जरा जोरात ढकलायला पाहिजे होतं," ते म्हणाले.

हे सगळं सांगणारा माणूस स्वतः विमानात एकदाही बसला नव्हता. म्हणजे उभ्या विमानात हजारदा बसला असेल, स्क्रू आवळायला. उडालेल्या विमानात नाही. कंपनी वर्षाला एक फुकट तिकीट द्यायची, घरच्या एकालाही बरोबर नेता यायचं. शहाऐंशीपर्यंतच्या बावीस वर्षांची बावीस तिकिटं त्यांनी जाऊ दिली होती. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "जायचं कुठं? शेवगावला विमान उतरत नाही." पण खरं कारण शकुवहिनींनी आईला सांगितलं होतं. स्टाफचं तिकीट म्हणजे उरलेल्या जागेचं तिकीट. सगळे पैसेवाले बसले की मग तुमचं नाव पुकारणार, नाहीतर पिशवी उचलून घरी. लोकांसमोर असं ताटकळत उभं राहणं भाऊंना नको होतं. ते म्हणायचे, "उरलंसुरलं खूप झालं आमच्या लोकांचं."

शहाऐंशी साली नाना आजारी पडले. छातीत पाणी झालं होतं. महिनाभर कूपर हॉस्पिटलात होते, मग घरी आले, पण उतरले होते. शहात्तर वर्षांचं वय. पावसाळा संपता संपता एका संध्याकाळी बाहेरच्या बाकड्यावर बसून ते भाऊंना म्हणाले, "भिमा, यंदा दसऱ्याला नागपूर बघायचं हाय. एकदाच."

दीक्षाभूमीला नाना छप्पन साली गेले होते, त्या पहिल्या दिवशी. त्यानंतर गोदी, संसार, आजारपणं, जाणं झालं नव्हतं. आता रेल्वेने एवढा लांबचा प्रवास डॉक्टर नको म्हणत होते. तिसऱ्या दिवशी भाऊंनी कंपनीत फॉर्म भरला. एक तिकीट स्वतःचं, एक वडिलांचं.

दसऱ्याला चार दिवस असताना दोघे पहाटे उठून तयार झाले. स्टाफने नीटनेटके कपडे घालावेत असा नियम होता. भाऊंनी इस्त्रीची पँट, पांढरा शर्ट आणि मीराने पॉलिश केलेले बूट घातले. नानांनी धुतलेलं धोतर, कोट आणि पांढरी टोपी. चाळ निरोप द्यायला उभी होती. दुपारच्या आत दोघे परत आले. विमान भरलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, पुन्हा परत आले. त्या दिवशी निरोपाला कमी माणसं होती, आणि परत येताना भाऊ मागच्या गल्लीने आले.

"उद्या राहू द्या नाना," त्यांनी म्हटलं. "दसरा जवळ येईल तशी गर्दी वाढणार."

नाना कोट काढत म्हणाले, "उद्या यक डाव. मला काय हाफिसात जायचंय?"

तिसऱ्या दिवशी काउंटरवर अनुपमा म्हणून एक मुलगी होती. मुलुंडची, चार वर्षं नोकरी झालेली. तीनही दिवस तिने या दोघांना कोपऱ्यातल्या खांबाशी उभं असलेलं पाहिलं होतं. सगळी रांग संपली, घड्याळ बघून तिने हात केला.

"काका, या पटकन. दोनच उरल्यात. नऊ ए आणि एकवीस ई. बाजूबाजूला नाहीत, चालेल ना? आजोबांना नऊ ए देते, विंडो आहे. मस्त बघत जातील."

तिने दोन चिकटपट्ट्या सोलल्या. भाऊंनी ते आकडे पाहिले. विमानात दोनच वाईट सीटा निवड म्हटलं असतं तर त्यांनी याच निवडल्या असत्या. एकवीस म्हणजे शेवटची रांग, पाठ मागे न जाणारी, संडासाला लागून, आणि त्यात मधली. आणि नऊ ए.

"मॅडम, नऊ ए ला खिडकी नाही," ते म्हणाले.

"अहो, ए म्हणजे विंडोच असते."

"सीट खिडकीची आहे. पण त्या जागी खिडकी नाही. भिंतीच्या आतून हवेचा नळ वर जातो, म्हणून तिथं नुसती भिंत आहे. या बोइंगमध्ये डाव्या बाजूला तेवढी एकच."

अनुपमाने पुठ्ठ्याच्या नकाशाकडे पाहिलं. नकाशात सगळ्या ए सारख्याच होत्या. "मी चार वर्षं ती विंडो म्हणून देतेय लोकांना," ती हळूच म्हणाली. मग, "काका, माझ्याकडे दुसरी नाहीच. सोडायची का?"

"नको, नको. द्या," भाऊ म्हणाले.

विमानात गेल्यावर त्यांनी नानांना नऊ ए मध्ये बसवलं, पट्टा लावून दिला. शेजारी दोन व्यापारी माणसं होती, पेपर उघडून बसलेली. त्यांना जागा बदलता का विचारायचं भाऊंच्या तोंडावर आलं होतं. पण स्टाफने प्रवाशाला जागा मागायची नाही, हा कंपनीचा नियम होता, आणि बावीस वर्षांत त्यांच्या नावावर एक मेमो नव्हता. ते मागे एकवीस ई वर जाऊन बसले.

विमान सुटलं. भाऊ मला म्हणाले होते, "जमीन सुटली तेव्हा मला भीती नाही वाटली, आनंदही नाही वाटला. मी फक्त पुढे टोपी दिसते का ते बघत होतो." टोपी दिसत होती. ती भिंतीकडे वळलेली होती.

पट्ट्याचा दिवा विझल्यावर ते उठून पुढे गेले. नाना भिंतीवर हात फिरवत होते.

"भिमा, हितली खिडकी बुजवलीया का रं?"

"नाही नाना. आतून नळ जातो."

"असं व्हय." नानांनी हात खाली घेतला. "ऱ्हाऊ दे. बसाया झकास हाय."

भाऊ परत आपल्या जागेवर आले. त्यांच्या शेजारी, एकवीस एफ वर, तिशीतला एक माणूस होता. औषधाच्या कंपनीचा असावा, पायाशी मोठी चामड्याची बॅग. खिडकीचा पडदा त्याने आल्या आल्या ओढून घेतला होता आणि तो झोपायचा प्रयत्न करत होता. पण पलीकडच्या रांगेत दोघांनी सिगारेटी पेटवल्या होत्या, मागे संडासाचं दार आपटत होतं, आणि डोकं टेकावं तर खिडकीचा खळगा कानशिलाला लागत होता. तो सारखा कूस बदलत होता. डोळे लाल झालेले.

भाऊ दहा मिनिटं हे बघत बसले. मग त्यांनी नियमाचा विचार सोडून दिला.

"साहेब, झोप येत नाही ना?"

"कसली झोप यार? तीन दिवस फिरतोय. उशिरा आलो म्हणून ही सीट माथी मारली."

"तुमच्यासाठी एक चांगली सीट आहे. नऊ ए. तिथं खिडकीच नाही. ऊन येत नाही, खळगा नाही, डोकं टेकायला सलग भिंत. धूर तिथपर्यंत पोचत नाही. आणि तिची पाठ मागे जाते, ह्या रांगेची जात नाही."

तो माणूस डोळे उघडून त्यांच्याकडे बघायला लागला. "तुम्हाला काय माहीत?"

"ती सीट मी बसवलेली आहे."

"मग तिथं आत्ता कोण बसलंय?"

"माझे वडील," भाऊ म्हणाले. "त्यांना बाहेर बघायचंय."

तो माणूस सरळ उठलाच. बॅग उचलून पुढे गेला, आणि जरा वेळाने नाना सीटांच्या पाठी धरत धरत मागे आले. वाटेत हवाईसुंदरी उभी होती. तिने विचारलं, "काय चाललंय? तुम्ही स्टाफ ना? नियम माहीत आहे ना तुम्हाला?"

भाऊ उभे राहिले. "माहीत आहे, मॅडम. चूक माझी आहे. त्यांना आधी बसू द्या, मग मला काय ते बोला."

ती पुढे चौकशी करायला गेली आणि परत आली तेव्हा तिचा आवाज बदलला होता. "ते साहेब म्हणतात, मीच मागून घेतली सीट, आता मला उठवू नका." तिने नानांचा पट्टा स्वतः बघितला आणि निघून गेली.

भाऊंनी पडदा वर केला.

खाली पावसाळा संपून आठ-पंधरा दिवस झालेला मुलूख होता. हिरवी-काळी ठिगळं, मधूनच तांबडी, कुठे तळ्याचं पाणी चमकलेलं. नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि कपाळ काचेला लावलं. चहा आला तो तसाच निवला. पलीकडचा सिगारेटचा धूर येत होता, पण जन्मभर बिडी ओढलेल्या माणसाला त्याचं काय.

मग त्यांनी काचेला बोट लावलं. "ती रेघ दिसती का? ती रेल्वेची लाइन असंल."

भाऊंनी वाकून पाहिलं. रस्ता असेल, कालवाही असेल. "हो, लाइनच आहे," ते म्हणाले.

"छप्पन साली ह्याच लायनीनं गेलतो. डब्यात पाय टेकाया जागा न्हवती. मुंबईपासनं नागपूरपस्तोर उभ्यानं. तुझी आय म्हणायची, नका जाऊ, पाय सुजत्यात तुमचं. सुजलं बी व्हतं." नाना पुन्हा खाली बघायला लागले. "कुणी तक्रार केली न्हाय. सगळा डबा गात व्हता."

भाऊंनी ही हकीकत आधी कधी ऐकली नव्हती. नाना नागपूरला गेले होते एवढंच माहीत होतं, कसे गेले होते ते नाही. त्यांनी विचारलं, "मग परत कसे आलात?"

"परत येताना बसाया मिळालं. पर ध्यानात ऱ्हायलं ते उभ्याचंच."

विमान उतरेपर्यंत नाना खिडकीपासून हलले नाहीत. नागपूर दिसायला लागलं तसं त्यांनी टोपी परत घातली, कोटाची बटणं लावली.

दीक्षाभूमीवर त्यांनी तीन दिवस काढले. माणसांचा समुद्र होता. भाऊंनी नानांना खांद्याला धरून, जागोजागी बसवत नेलं. परतीला स्टाफच्या तिकिटावर जागा मिळण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून वाकोल्याच्याच एका मंडळाबरोबर गाडीने आले. मंडळातल्या पोरांनी नानांना एक अख्खं बाकडं झोपायला दिलं. डॉक्टरांना कुणी सांगितलं नाही.

आल्यावर आठवड्याभरात भाऊंना टर्मिनलच्या ऑफिसातून बोलावणं आलं. सीट शॉपच्या फोरमनने चिठ्ठी दिली आणि म्हणाला, "काय केलंस रे? बावीस वर्षांत तुला कुणी बोलावलं नाही." भाऊंना वाटलं, हवाईसुंदरीने रिपोर्ट केला, आता मेमो. घरी येऊन त्यांनी तोच पांढरा शर्ट चढवला. शकुवहिनींना म्हणाले, "पगारवाढ थांबली तर थांबली. मी माफी मागणार नाही."

ऑफिसात एक साहेब बसले होते आणि शेजारी अनुपमा. टेबलावर तो पुठ्ठ्याचा नकाशा.

साहेब म्हणाले, "साळवे, ह्या बाई म्हणतात, नऊ ए ला खिडकी नाही."

"नाही साहेब."

"आम्हाला महिन्याला दोन-तीन तक्रारी येतात, विंडो सांगून फसवलं म्हणून. आम्ही समजत होतो, लोक उगीच लिहितात. आणखी काय काय आहे असं?"

भाऊंना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि नकाशावर वाकले. कुठल्या रांगेच्या पाठी मागे जात नाहीत. कुठल्या सीटचा हात वर होत नाही, म्हणून जाड माणसाला तिथं देऊ नये. कुठल्या सीटखाली पेटी बसवलेली आहे, पाय पसरता येत नाहीत. डावा पाय दुखत असेल तर कुठे, उजवा असेल तर कुठे. साहेब एका जागी थांबवून म्हणाले, "हळू सांगा, लिहून घेतायत त्या." अनुपमा लिहीत होती.

पुढच्या महिन्यात काउंटरवरच्या सगळ्या मुलामुलींसाठी एक वर्ग ठेवला. भीमराज साळवे, सीट मेकॅनिक, पाऊण तास. इंग्रजीत बोलायला लागेल म्हणून भाऊ आठवडाभर झोपले नाहीत. मीराने चार पानं लिहून दिली. तिथं उभं राहिल्यावर ती पानं त्यांनी घडी करून खिशात घातली आणि मराठीत सुरू केलं. मध्ये हिंदी आली, कुणी हसलं नाही. त्यांनी मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, की आकडा देण्याआधी माणसाकडे बघा. तो लंगडतो का, तिच्या कडेवर मूल आहे का, त्याचे डोळे लाल आहेत का. वर्ग पाऊण तासाचा होता, तो दीड तास चालला. त्यांना त्याबद्दल प्रमाणपत्र मिळालं. ते त्यांनी फ्रेम करून बाबासाहेबांच्या फोटोखाली लावलं.

नाना अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात गेले, घरीच, दुपारी, जेवून आडवे झाले होते. भाऊंनी त्यांचा कोट ठेवला, टोपी गावाकडच्या चुलत्याला दिली.

भाऊ विमानात आणखी एकदाच बसले. एकोणनव्वद साली मीराचं लग्न औरंगाबादला ठरलं तेव्हा याद्या करायला ते आणि शकुवहिनी गेले. विमान अर्धं रिकामं होतं. हवी ती जागा घ्या, असं काउंटरवर सांगितलं. भाऊंनी शकुवहिनींना डाव्या बाजूला, पंखाच्या पुढे, खिडकीशी बसवलं आणि स्वतः मधल्या सीटवर बसले. वहिनींनी विमान हलल्याबरोबर डोळे मिटले आणि भाऊंचं मनगट धरलं, ते औरंगाबादला चाकं टेकेपर्यंत सोडलं नाही. आम्ही विचारलं, वहिनी, काय काय बघितलं वरून? त्या म्हणाल्या, "काही नाही गं. ह्यांना विचार."

भाऊंनी मनगट दाखवलं. नखांच्या खुणा अजून होत्या. "मलाही खिडकीशी वाकता आलं नाही," ते म्हणाले, आणि चहा प्यायला आत गेले.